फोनचे मीटर कशाचे पैसे मोजत होते?

पिवळ्या एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळवणारे मीटर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना फोनच्या दराचे तीन नियम पाठ असत. अंतर वाढले की दर वाढतो. बोलणे लांबले की बिल वाढते. आणि रात्री उशिरा तोच फोन दिवसाच्या पाव दरात होतो, म्हणून जेवणे उरकून बूथपुढे रांग लागे. परदेशात फोन लावायचा तर मिनिटाला दोन आकडी रुपये मोजावे लागत आणि काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून ठेवलेले असे. आज पुण्यातल्या घरातून न्यू जर्सीतल्या मुलाशी आई तासभर बोलते आणि या तीन नियमांपैकी एकही तिला लागू होत नाही. माणसे तीच आहेत, अंतर तेवढेच आहे, आवाजही तसाच आहे. मग मीटर मोजत होते ते नेमके काय होते?

या प्रश्नाची दोन उत्तरे सहज दिली जातात. पूर्वी कंपन्या लुटत होत्या, हे एक. इंटरनेट फुकट असते, हे दुसरे. पहिले अर्धे खरे आहे आणि दुसरे चुकीचे. जुने मीटर आवाज वाहून नेण्याचा खर्च फारसा मोजतच नव्हते. ते मुख्यतः आपल्यासाठी राखून ठेवलेल्या वाटेचे भाडे मोजत होते आणि त्यात दोन कंपन्यांमधल्या देण्याघेण्याची भर पडत होती. इंटरनेटने यातला पहिला भाग पुसून टाकला. दुसरा अजून शिल्लक आहे. हा फरक ध्यानात आला, की कोणता कॉल कशावरून करावा हे कोणत्याही जाहिरातीशिवाय ठरवता येते.

राखीव वाट

जुन्या पद्धतीत नंबर फिरवला की एक्स्चेंजेसची साखळी तुमच्या घरापासून समोरच्या घरापर्यंत एक सलग वाट जोडून देई. फोन खाली ठेवेपर्यंत ती वाट फक्त तुमची. तुम्ही बोला, गप्प बसा किंवा रिसीव्हर टेबलावर ठेवून कुणाला तरी बोलवायला जा, त्या वाटेवरून दुसऱ्या कुणाचा आवाज जाऊ शकत नसे. एसटी महामंडळाची गाडी वऱ्हाडासाठी प्रासंगिक करारावर घेतली, तर निम्मे वऱ्हाडी आले नाहीत तरी भाडे अख्ख्या गाडीचे आणि तेही किलोमीटरवर द्यावे लागते. जुना फोन कॉल म्हणजे अशी करारावरची गाडी होती.

आता दराचे तिन्ही नियम उलगडतात. वाट जितकी लांब, तितकी जास्त तार आणि यंत्रणा अडकून पडणार, म्हणून अंतराचा दर. जितका वेळ ती अडकणार, तितके भाडे, म्हणून मिनिटांचा दर. दिवसाच्या ऐन गर्दीला पुरतील इतक्या वाटा बांधाव्या लागत आणि रात्री त्यातल्या बहुतेक रिकाम्या राहत. रिकाम्या वाटेपेक्षा पाव दराने वापरलेली वाट कंपनीला परवडे, म्हणून रात्रीची सवलत.

या वाटा किती दुर्मिळ होत्या, हे अटलांटिक महासागराखालच्या पहिल्या टेलिफोन केबलवरून दिसते. टॅट-१ नावाची ही केबल स्कॉटलंडपासून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपर्यंत टाकली गेली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये सुरू झाली. एवढ्या खटाटोपानंतर तिच्यावरून एका वेळी सुमारे ३६ संभाषणे होऊ शकत. दोन खंडांमध्ये छत्तीसच. अशा केबलवरचा एक मिनिट महाग असणारच, त्यासाठी कुणी लुटारू असायची गरज नव्हती.

याच केबलवर पुढे जे घडले, त्यात मला आजच्या स्वस्त कॉलचे बीज दिसते. फोनवर बोलणाऱ्या दोघांपैकी एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, आणि मध्येमध्ये दोघेही थांबतात. म्हणजे येण्याची आणि जाण्याची अशा दोन वाहिन्या धरल्या, तर प्रत्येक वाहिनी निम्म्याहून जास्त वेळ नुसती शांतता वाहून नेत असते. जगातल्या सर्वांत महागड्या तारेतून शांतता नेण्यासाठी लोक पैसे भरत होते. १९६० मध्ये इंजिनिअरांनी या केबलवर टासी नावाची यंत्रणा बसवली. बोलणारा थांबला की त्याची वाहिनी त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला द्यायची, आणि तो पुन्हा बोलू लागला की जी रिकामी असेल ती त्याला जोडायची, असे तिचे काम. तार तीच राहिली, पण संभाषणांची संख्या जवळपास दुप्पट झाली. राखून ठेवणे हाच मोठा खर्च आहे, हे त्या प्रयोगाने पैशांत मोजून दाखवले. इंटरनेटने हीच कल्पना पूर्णत्वाला नेली: कुणासाठीच काही राखायचे नाही.

आवाजाचे तुकडे कसे होतात

मायक्रोफोनमध्ये आवाज शिरला की त्याची विजेची लहर होते. ही लहर जशीच्या तशी पाठवण्याऐवजी तिची उंची ठरावीक वेळाने मोजायची आणि ते आकडे पाठवायचे, हे डिजिटल टेलिफोनचे मूळ तत्त्व. फोनसाठी हे मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा होते आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिले जाते. बिट म्हणजे शून्य किंवा एक. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. १९७२ पासून रूढ असलेल्या जी-७११ या मानकाचा हा हिशोब आहे आणि ते आजही वापरात आहे. त्यात ३,४०० हर्ट्झच्या वरचे सूर जवळजवळ गाळलेले असतात. ‘स’ आणि ‘फ’ यांच्यातला फरक बराचसा त्या वरच्या सुरांत असतो, म्हणून जुन्या फोनवर आडनाव सांगताना एकेक अक्षर फोडून सांगावे लागे.

पुढची पायरी आकडे आटोपशीर करण्याची. माणसाचा आवाज मनमानी बदलत नाही. घसा, जीभ आणि ओठ यांच्या हालचालीला मर्यादा आहेत, त्यामुळे पुढच्या क्षणी लहर साधारण कशी असेल याचा अंदाज बांधता येतो आणि अंदाज व वास्तव यांतला फरक तेवढा पाठवला तरी भागते. हे काम करणाऱ्या सूत्राला कोडेक म्हणतात. २०१२ मध्ये मानक म्हणून जाहीर झालेला ओपस हा कोडेक सेकंदाला २४,००० बिटांत जुन्या फोनपेक्षा स्पष्ट आवाज देतो. निम्म्याहून कमी वजनात चांगला माल, हे इथे खरोखर घडले आहे.

मग या आकड्यांचे तुकडे पाडले जातात. साधारणपणे एका तुकड्यात सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. त्यावर कुठे जायचे तो पत्ता, क्रमांक आणि वेळ लिहिली की पॅकेट तयार झाले. ही पॅकेटे करारावरच्या गाडीने जात नाहीत. इतरांचे व्हिडिओ, ईमेल आणि बँकेचे व्यवहार ज्या नेहमीच्या गाडीने जातात, तिच्यातच जागा मिळेल तशी बसतात. तुम्ही गप्प असाल तर ती जागा दुसऱ्याच्या कामी येते. पलीकडचे यंत्र क्रमांक पाहून पॅकेटे लावून घेते आणि आकड्यांची पुन्हा लहर, लहरीचा पुन्हा आवाज करते.

> चौकट: एका मिनिटाचे वजन
>
> ओपस कोडेकने २० मिलिसेकंदांचा आवाज सुमारे ६० बाइटांत मावतो. पत्ता, क्रमांक वगैरेंचे ४० बाइट धरून एक पॅकेट १०० बाइटांचे होते. सेकंदाला ५० पॅकेटे म्हणजे ५,००० बाइट, मिनिटाला ३ लाख बाइट. बोलणे आणि ऐकणे मिळून मिनिटाला ६ लाख, म्हणजे ०.६ एमबी. तासाभराच्या गप्पा साधारण ३६ एमबी. एचडी दर्जाचा चित्रपट तासाला ३ जीबीपर्यंत डेटा घेतो. जितक्या डेटात असा एक तास चित्रपट पाहिला जातो, तितक्यात ऐंशी तासांहून जास्त बोलणे होते.

हे आकडे मोठ्या केबलीशेजारी ठेवले, की मीटर का गेले ते दिसते. अमेरिकेतले व्हर्जिनिया बीच आणि स्पेनमधले बिल्बाओ यांना जोडणारी मारेया ही केबल २०१७ मध्ये टाकून पूर्ण झाली. तिची नियोजित क्षमता सेकंदाला १६० लाख कोटी बिट. जी-७११ चा जुना, जड हिशोब धरून पॅकेटच्या पत्त्यासह प्रत्येक कॉलला एका दिशेने ८०,००० बिट दिले, तरी कागदावर तिच्यात २०० कोटी संभाषणे मावतात. कुठे छत्तीस आणि कुठे दोनशे कोटी. अशा वाहतुकीत आवाजाचे वेगळे मीटर लावण्याचा खर्चच आवाज वाहण्याच्या खर्चापेक्षा जड होईल.

अर्थात केबल, राउटर आणि वीज यांचा पैसा कुणीतरी भरतोच. तो आपणच ब्रॉडबँडच्या मासिक बिलातून भरतो. इंटरनेट कॉल फुकट नाही. व्हिडिओसाठी घेतलेल्या जोडणीवर आवाज हा इतका हलका प्रवासी आहे, की त्याचे वेगळे तिकीट फाडण्यात अर्थ उरलेला नाही.

मक्तेदारीचे काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे. भारतात परदेशी फोनचे दर उतरले ते सरकारी मक्तेदारी संपल्यामुळे, पॅकेटांमुळे नव्हे. आंतरराष्ट्रीय फोनचा एकाधिकार विदेश संचार निगमकडे होता. तो ३१ मार्च २००२ ला संपला, दुसऱ्या कंपन्या आल्या आणि दर घसरले. हे खरे आहे. पण स्पर्धेने फक्त नफ्याचा थर काढला. मिनिट आणि अंतर मोजण्याची पद्धत स्पर्धेनंतरही चालूच होती. शिवाय त्या वर्षांत स्पर्धकांना दर पाडता आले, त्यामागे पॅकेटांचाही हात होता. अमेरिकेतली मराठी कुटुंबे तेव्हा भारतात बोलण्यासाठी जी कॉलिंग कार्डे घेत, त्यांतल्या अनेकांचा आवाज मधला प्रवास इंटरनेटच्याच पद्धतीने करत असे. ग्राहकाला फक्त स्वस्त मिनिटे दिसत.

तंत्र तर त्याहून जुने. अमेरिकेतल्या अर्पानेट या संगणकजाळ्यावरून पॅकेटांतून आवाज पाठवण्याचे प्रयोग १९७४ मध्येच झाले होते. घरच्या संगणकासाठी व्होकलटेक या इस्रायली कंपनीने १९९५ मध्ये ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर आणले. पण मोडेम मंद होते, आणि त्या काळच्या बहुतेक साउंड कार्डांना एकाच वेळी ऐकणे व बोलणे जमत नसे. ऑगस्ट २००३ मध्ये स्काईप आले तेव्हा कुठे ब्रॉडबँड आणि आवाजाचा दर्जा यांची गाठ पडली. मे २०२५ मध्ये स्काईप बंद झाले, तोवर त्याचे काम प्रत्येकाच्या खिशातल्या फोनने उचलले होते.

नंबर फिरवला की मीटर परत येते

ॲपवरून ॲपवर बोलताना दोन्ही टोके इंटरनेटवर असतात. पण अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्याला किंवा जर्मनीतल्या विद्यापीठाच्या कार्यालयाला फोन लावायचा असेल, तर तिथे ॲप नसते, नंबर असतो. अशा वेळी पॅकेटे त्या देशातल्या एका गेटवेपर्यंत जातात. गेटवे म्हणजे इंटरनेट आणि टेलिफोनचे जाळे यांच्या सीमेवरचे यंत्र. तिथून पुढे स्थानिक फोन कंपनी कॉल पोचवते आणि पोचवण्याचे पैसे मागते. याला टर्मिनेशन शुल्क म्हणतात. मीटरचा उरलेला भाग तो हाच. तो अंतरावर ठरत नाही, ज्या देशात कॉल उतरतो तिथल्या नियमांवर ठरतो. म्हणून एकाच ॲपवरून अमेरिकेचा नंबर अगदी स्वस्त पडतो आणि त्याहून जवळचा एखादा देश कितीतरी महाग पडतो.

हे शुल्क निसर्गनियम नाही, धोरण आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा भारतातच आहे. देशांतर्गत कॉलसाठी एक कंपनी दुसरीला मिनिटाला १४ पैसे देत असे. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१७ पासून ते ६ पैसे केले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. देशात अमर्याद कॉलचे प्लॅन टिकण्यामागे हा निर्णय आहे. परदेशातून येणाऱ्या कॉलवर मात्र शुल्क कायम ठेवले. ते २०१८ मध्ये मिनिटाला ३० पैसे होते आणि २०२० पासून ३५ ते ६५ पैशांच्या पट्ट्यात कंपन्यांनी ठरवायचे आहे.

कायद्यानेही ही सीमा दीर्घकाळ राखली. भारताने एप्रिल २००२ पासून संगणकावरून संगणकावर आणि संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलायला परवानगी दिली, पण इंटरनेटवरून देशातल्या नंबरावर कॉल करणे बंदच ठेवले. भरभक्कम परवाना शुल्क भरलेल्या फोन कंपन्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न होता. ती वाट २०१८ मध्ये मोकळी झाली आणि बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही ॲपवरून चालणारी फोनसेवा आणली. सोळा वर्षे फार झाली, असे माझे मत आहे. संयुक्त अरब अमिरातीत आजही व्हॉट्सॲपचे कॉल अडवलेले असतात आणि दुबईतल्या मराठी माणसाला गावी बोलण्यासाठी तिथे परवाना असलेली बोटिमसारखी ॲप वापरावी लागतात. तंत्र तेच असूनही दुबईतला कॉल आणि लंडनमधला कॉल वेगळे का, याचे उत्तर केबलीत मिळत नाही.

आवाज का तुटतो

इंटरनेट कॉलवर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आवाज तुटण्याची, आणि ती खोटी नाही. राखीव वाट सोडल्याची ती किंमत आहे. नेहमीच्या गाडीला गर्दी असली की काही पॅकेटे उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. ईमेलचे पॅकेट हरवले तर पुन्हा मागवता येते. आवाजाचे मागवून उपयोग नसतो, कारण ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून पलीकडचे यंत्र आलेली पॅकेटे लगेच न वाजवता क्षणभर साठवते, उशिरा येणाऱ्यांना थोडी सवड देते आणि एखादे हरवलेच तर मागच्या आवाजावरून ती फट बुजवते. एखादे पॅकेट गेले तर कानाला कळतही नाही. लागोपाठ आठदहा गेली की शब्द गळतो.

साठवण वाढवली तर तुटणे कमी होते, पण उशीर वाढतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे ६० मिलिसेकंदांहून थोडे जास्त नुसत्या प्रवासालाच लागतात, आणि केबली वळसे घेत जातात ते वेगळे. तरीही मर्यादेत बसते. जुना परदेशी फोन याहून सरस होता, ही समजूत मात्र तपासून पाहावी. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या आर्वी इथले उपग्रह केंद्र १९७० च्या दशकात सुरू झाले, तेव्हा तिथून जाणारा आवाज सुमारे ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली येई. त्यात एका दिशेला जवळपास पाव सेकंद जाई. दोघे एकदम बोलू लागत आणि एकदम थांबत, ते त्यामुळे.

दर्जाचा खरा फरक पडतो तो रांगेतल्या अग्रक्रमामुळे. आजचा ४जी मोबाइलवरचा साधा कॉल किंवा फायबर जोडणीवरचा लँडलाइनही पॅकेटांतूनच जातो. फक्त कंपनी स्वतःच्या जाळ्यात त्या पॅकेटांना आधी पुढे सोडते आणि ॲपची पॅकेटे इतरांबरोबर रांगेत राहतात. ‘फोन कॉल’ आणि ‘इंटरनेट कॉल’ हा भेद आता यंत्रांपेक्षा बिलाच्या कागदावर जास्त उरला आहे.

घरी काय करावे

आवाज तुटतो म्हणून जास्त वेगाचा प्लॅन घेणे हा बहुतेक वेळा वाया गेलेला पैसा. कॉलला सेकंदाला लाखभर बिट पुरतात आणि स्वस्तातला स्वस्त फायबर प्लॅनही त्याच्या शेकडो पट देतो. दोष बहुधा शेवटच्या पंधरा फुटांत असतो. दोन भिंतींआडचा राउटर, शेजाऱ्यांच्या वाय-फायने गजबजलेला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, किंवा त्याच वेळी घरातल्या कुणाच्या फोनवरून फोटो-व्हिडिओ अपलोड होत असणे. अपलोडची मोठी पॅकेटे राउटरच्या रांगेत साचतात आणि आवाजाची चिमुकली पॅकेटे त्यांच्यामागे अडकतात. राउटरच्या खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झवर बोलावे, अपलोड थांबवावे, इअरफोन लावावा. इतक्याने बहुतेक तक्रारी मिटतात.

देशातल्या देशात बोलण्यासाठी खास इंटरनेट कॉलची धडपड करण्यात आता फारशी बचत नाही, अमर्याद कॉल प्लॅनमध्येच असतात. घरात रेंज नसेल तर मोबाइलच्या सेटिंगमधले वाय-फाय कॉलिंग चालू करावे. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ते आणले. आपल्याच नंबरावरून, घरच्या वाय-फायने कॉल जातो. खरी बचत परदेशी बोलण्यात आहे. दोन्हीकडे ॲप असेल तर ॲपवरून बोलावे. नंबरच लावायचा असेल तर आगाऊ पैसे भरून चालणारी सेवा घ्यावी आणि भरण्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात: त्या देशाच्या लँडलाइनचा आणि मोबाइलचा वेगवेगळा दर, कॉल जोडण्याचे वेगळे शुल्क आहे का, आणि शिल्लक रक्कम किती दिवसांनी बाद होते.

गोपनीयतेच्या बाबतीत ॲपचा कॉल उलट सुरक्षित आहे. व्हॉट्सॲपवरचे बोलणे एप्रिल २०१६ पासून दोन टोकांपुरते कुलूपबंद असते. कोण कुणाशी कधी बोलले याची नोंद मात्र राहू शकते. धोका दुसरीकडे आहे. इंटरनेटवरून गेटवेमार्गे लावलेल्या कॉलमध्ये पडद्यावर दिसणारा नंबर बनावट ठेवता येतो. पोलीस किंवा बँकेचा वाटणारा नंबर दिसला म्हणून कुणी पोलीस ठरत नाही. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूद भारताच्या कायद्यात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून सांगा आणि पैसे गेल्यास ताबडतोब १९३० वर कळवायला सांगा.

आणि घरातला एक साधा मोबाइल चार्ज करून, सिमसह नेहमी हाताशी असू द्या. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि व्हॉट्सॲपवरून ११२ लावता येत नाही.